माणिकरावांची ड्रिलवरची सायकल

शीतलचं नाव माझ्या फोनवर दोन-अडीच वर्षांनी उमटलं, तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते आणि मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. मंगळवार होता. शीतल म्हणजे एकेकाळची माझी सून. आमच्या अमोलशी तिचा काडीमोड झाल्यापासून ती मला फोन करत नसे आणि मीही तिला करत नसे. जे काही ठरायचं ते तिच्या वडिलांच्या, माणिकरावांच्या फोनवरून. "आबा," ती म्हणाली आणि नंतर नुसता श्वास ऐकू आला. "आबा, बाबा गेले." मी विचारलं, "कुठे?" ... छत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न. मग मला कळलं.

रहाटणीहून चिखलीला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. त्यांच्या गल्लीत आठ-दहा छोटे वर्कशॉप आहेत, एरवी तिथे लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळ्यांची शटर अर्ध्यावर ओढलेली होती. माणिकरावांची मोठी मुलगी नाशिकहून यायची होती, तिच्यासाठी थांबले होते. मी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. शेजारी माणिकरावांचे भोसरीला राहणारे चुलतभाऊ होते. त्यांनी मला ओळखलं नाही. बराच वेळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमी कोन लागताव माणिकचे?"

आपल्या भाषेत साडूला शब्द आहे, मावसभावाच्या सासऱ्यालासुद्धा काहीतरी म्हणता येतं. पण मुलांचा संसार मोडल्यावर उरलेल्या दोन बापांना काय म्हणायचं? व्याही होतो, ते कोर्टाच्या कागदाने संपलं. "मी... रविवारी येत असतो यांच्याकडे," एवढंच माझ्या तोंडून आलं. ते गृहस्थ सावरून बसले. "म्हंजी ते सायकलवाले मास्तर का? अहो, मग हितं मागं कामून बसलाव? म्होरं चला." आणि दुपारी उचलायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे नेलं आणि स्वतःच्या जागी मला खांदा द्यायला लावलं.

त्या खांद्याचा मला किती हक्क होता हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

माणिकराव मूळचे परभणीकडचे. आयटीआय करून तरुणपणी इकडे आले, आधी भोसरीत दोन-तीन ठिकाणी आणि मग चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर म्हणून चिकटले ते रिटायर होईपर्यंत. बायको लवकर गेली. दोन मुलींना त्यांनी एकट्याने वाढवलं. तिन्ही शिफ्ट सांभाळून, वेण्या घालून, डबे भरून. शीतलला बघायला आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि नंतर रिवाजाप्रमाणे ते आमचं घर बघायला रहाटणीला आले, तेव्हा नवा कोरा पांढरा शर्ट घालून आले होते. आमच्या दाराची कडी लावताना दरवाजा खांद्याने ढकलावा लागायचा. वर्षानुवर्षं आम्हाला त्याची सवय झाली होती. बोलणी चालू असताना माणिकरावांचं निम्मं लक्ष त्या कडीकडे. शेवटी "एक मिनिट हां पाव्हणं," म्हणून ते उठले, खिशातून चक्क स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कडी खाली घेऊन बसवून दिली. शीतल लाजेने खाली बघत होती. आमची ही मात्र आत आल्यावर मला म्हणाली, "माणूस चांगला हाय. पोरगीबी चांगलीच असणार." आमचं घराणं रहाटणीतलं जुनं, शेती गेली तरी ताठा राहिलेला. मला मनातून वाटत होतं की फिटरच्या मुलीपेक्षा जरा वरचं स्थळ मिळालं असतं. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. पण ते माझ्यात होतं, आणि पुढे ते बाहेर आलं.

लग्न झालं, दीड वर्षाने ईश्वरी झाली. आमची ईशू. अमोल हिंजवडीला आयटीत, शीतल चाकणच्या एका कंपनीत माल तपासायला, क्वालिटीला. चार-पाच वर्षं बरी गेली, मग बिनसलं. कोणाचं किती चुकलं ते इथे लिहिणार नाही. ती दोघं हयात आहेत आणि तो त्यांचा प्रश्न आहे. माझं काय चुकलं ते मात्र लिहिणार आहे. शीतल मुलीला घेऊन चिखलीला निघून गेली, तेव्हा आमच्या घरी बैठक बसली. दोन्हीकडची चार माणसं होती. माणिकराव सगळ्यांचं ऐकून घेत होते. एवढंच म्हणाले, "दोघान्लाबी जरा वेळ द्या. लेकरू हाय मधात." त्यावर मी बोललो. वर्गात बोलायचो तसा, स्पष्ट आणि ठणठणीत. म्हणालो, "आईविना वाढलेल्या मुलीकडून संसाराची अपेक्षा तरी काय करायची?"

माणिकरावांच्या हातात चहाचा कप होता, अजून ओठाला लावलेला नव्हता. त्यांनी तो खाली ठेवला, उठले, मला हात जोडले. "येतो पाव्हणं." आणि गेले.

त्यानंतर आठ महिने आम्ही नातीला पाहिलं नाही. अमोल बंगळुरूला बदली घेऊन गेला. लेकीला भेटायची परवानगी त्याला होती, पण दोनदा जाऊन आल्यावर त्याने तेही सोडलं. ती रडते, मला बघवत नाही, म्हणाला. मला त्याने बजावलं होतं, त्या घराची पायरी चढायची नाही. चढायचं तोंड तरी मला कुठे होतं? ईशूचा वाढदिवस आला आणि गेला. हिने शिरा केला आणि शेजारच्या पोरांना वाटला. मी त्या दिवशी उगाच चिखलीपर्यंत बसने गेलो, स्टॉपवर उतरलो आणि समोरच्या बाजूने परतीची बस धरली.

आणि मग एका शनिवारी माणिकरावांचा फोन आला. जणू काल-परवाच बोललो होतो अशा आवाजात.

"पाव्हणं, काय करायलाव?"

"काही नाही... बसलोय."

"मी रिटायर झालो की ह्या महिन्यात. शिफ्टच्या पोरान्नी विचारलं काय पायजे. घड्याळ नको, मूर्ती नको मनलं. ड्रिल द्या, बॅटरीवरचं. दिलं बगा त्यान्नी. आता मी त्याच्यावर सायकल चालवायलोय."

"ड्रिलवर? सायकल?"

"गुडघे गेलेत, पायडल मारवत न्हाई. मोटरची सायकल इकत मिळती, पर त्यात काय मजा? पर एकट्याच्यानं व्हईना. धरायला कुनीतरी पायजे. उद्या रविवार हाय. येताव का?"

मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही, माणिकराव." त्यावर ते म्हणाले, "धरायला काय कळायचं असतंय?"

फोन ठेवल्यावर मी हिच्याकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. "त्यांनी बोलावलंय न्हवं? मग जावा की," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावत आत गेली. अमोलला काही सांगायचं नाही हे आमचं न बोलताच ठरलं.

त्यांच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथे एक जुनी काळी सायकल उलटी करून ठेवलेली होती, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. मी दारात उभा राहिलो. पायरीवर ईशू गृहपाठ करत बसली होती. आठ महिन्यांतच किती लांब झाले होते तिचे पाय! तिने मला पाहिलं, वही मिटली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, "आबा, 'ज्ञ' कसा काढायचा?" मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात धरून ज्ञ काढला. तो ज्ञ काही वाचण्यासारखा झाला नाही. माणिकराव आमच्याकडे पाठ करून खोलीत कुठलासा पाना शोधत होते. तो त्यांना फार वेळ सापडला नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला मी चिखलीत हजर. माणिकरावांनी पहिल्यांदा केलं ते असं, की ड्रिल मागच्या कॅरिअरवर पट्ट्यांनी आवळलं, त्याच्या तोंडात एक छोटा रबरी रूळ बसवला आणि तो रूळ मागच्या टायरवर दाबून टेकवला. ड्रिल फिरलं की रूळ फिरणार, रूळ फिरला की चाक. ड्रिलचा खटका ओढायला ब्रेकची वायर वापरली, तिची मूठ हँडलवर. मला हे सगळं आधी कागदावर काढून दाखवलं. मी विद्यार्थ्यासारखा मान हलवत होतो. पहिल्या चाचणीत सायकल गल्लीत वीस-पंचवीस पावलं सुरेख गेली, मग रूळ घसरायला लागला, रबराचा जळका वास सुटला आणि टायरवर खोल चर पडला. ईशू टाळ्या वाजवत होती. माणिकराव उतरून म्हणाले, "मास्तर, नापास!" आणि स्वतःच एवढे हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

मग रूळ काढून साखळी आणायचं ठरलं. कुदळवाडीच्या भंगारातून दात्यांची चक्रं आणली, डाव्या बाजूने दुसरी साखळी. ड्रिलच्या तोंडात धरायचा दांडा त्यांनी समोरच्या लेथवर स्वतः घासून घेतला. काम करताना ते कमी बोलत. "हे धरा." "जरा खाली." "सोडू नका." मी धरायचो. धरून धरून माझ्या लक्षात आलं की आपल्या आयुष्यात आपण फार बोललो आणि फार थोडं धरून ठेवलं. शीतल सुरुवातीला माझ्यासमोर येत नसे. तिचा रविवारचा ओव्हरटाइम असायचा किंवा ती तसं सांगायची. तीन-चार महिन्यांनी एकदा ती चहा घेऊन आली. माझा कप वेगळा होता, बिनसाखरेचा. तिने लक्षात ठेवलं होतं. मी "थांब गं जरा," म्हणालो, पण ती आत गेली होती.

मी एकदा प्रयत्न केला, हे मला सांगितलंच पाहिजे. साखळीचं माप घेत होतो. ईशू शेजारी खेळायला गेली होती. मी म्हणालो, "माणिकराव, त्या दिवशी बैठकीत मी..." त्यांनी मान वर केली नाही. "पाव्हणं, हा नट धरा. घट्ट. फिरू देऊ नका." मी धरला. त्यांनी पाना लावला आणि आवळत राहिले. नट केव्हाच आवळला गेला होता. तरी ते आवळत राहिले. मग म्हणाले, "बास." मला वाटलं, पुढच्या रविवारी बोलू... रविवार काय, भरपूर आहेत.

पावसाळा संपला, दिवाळी झाली, सायकल काही होईना. कधी ड्रिल गरम व्हायचं, कधी साखळी उतरायची, कधी दांडा मध्यावर नाही असं माणिकरावांचं म्हणणं पडायचं आणि सगळं पुन्हा खोललं जायचं. मला यंत्रातलं कळत नसलं तरी एवढा प्रश्न पडायचा की कंपनीत ज्यांच्या हाताखाली मोठमोठी मशिनं चालू राहिली, त्यांना एक सायकल इतकी का सतावते? म्हटलं, वय झालं असेल.

मग एका बुधवारी मला चिखलीत एका जुन्या सहकाऱ्याकडे त्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर द्यायला जावं लागलं. परत येताना रस्त्याच्या पलीकडून एक ओळखीचा आवाज आला, घर्रर्र असा, बारीक आणि एकसारखा. बघतो तर माणिकराव! अंगात घरचा शर्ट, पाय पॅडलवर नुसते टेकवलेले, हँडलला भाजीची पिशवी. सायकल अशी चालली होती जशी पाण्यावरून होडी. ना साखळी उतरत होती, ना काही अडखळत होतं. समोरून टेम्पो आला तर त्यांनी सफाईने कडेला घेतली आणि पुढे गेले. मी एका दुकानाच्या फळीआड उभा राहिलो. का लपलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी गेलो तर सायकल नेहमीसारखी उलटी. मागचं चाक काढलेलं, साखळी घमेल्यात, ड्रिल बाजूला. "काय झालं?" मी विचारलं. ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "काय सांगू पाव्हणं, लै तरास द्यायलीय. पुन्यांदा सगळं खोललं." पायरीवरून ईशू ओरडली, "आबा, मला आज कविता पाठ करायचीय!" आणि मला कळलं. मी गुपचूप खाली बसलो आणि घमेल्यातली साखळी फडक्याने पुसायला लागलो. डोळे भरून आले होते, पण खाली मान घालून साखळी पुसताना ते कोणाला दिसत नाहीत.

म्हणजे त्या माणसाने सायकल कधीच पुरी केली होती. दर शनिवारी तो ती खोलत होता. ज्याने त्याच्या लेकीला, त्याच्या मेलेल्या बायकोला, त्याच्या सगळ्या जन्माच्या कष्टाला एका वाक्यात उडवून लावलं, त्या माणसाला आपल्या नातीजवळ बसायला मिळावं म्हणून. आणि उपकार केल्यासारखं वाटू नये म्हणून स्वतःच मदत मागत होता.

मी कळल्याचं दाखवलं नाही. पण पुढे फेब्रुवारीत एक रविवार असा आला की शीतलसुद्धा तिथे उभी होती, ईशू होती, समोरचे लेथवाले दोघं बघायला आले होते. सगळं जोडून झालं, चाक फिरवून बघितलं आणि खोट काढायला काही जागाच उरली नाही. लेथवाला म्हणाला, "काका, झाली की गाडी! आता पेढे." माणिकराव हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. तेव्हा मी पुढे झालो. ब्रेकची मूठ दोनदा दाबली आणि मास्तरांच्या आवाजात म्हणालो, "माणिकराव, ही वायर मला ढिली वाटते. आणि हे मागचं चाक... एका बाजूला जातंय का?" चाक बाणासारखं सरळ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता बोलतील. मग त्यांनी वाकून चाक न्याहाळलं. "व्हय की," ते म्हणाले. "जायलंय खरं. खोलावंच लागतंय." लेथवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शीतल तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मला आधी वाटलं ती हसतेय.

माणिकराव पुढे एकदा आमच्याकडे आले, याच सायकलवरून. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चिखली ते रहाटणी दहा-बारा किलोमीटर होतं, एका बॅटरीत होत नाही. दुसरी बॅटरी आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून, फोन न करता, सकाळी आठला दारात हजर. हिने हातातलं पीठ तसंच ठेवून दार उघडलं. ते सगळ्यांच्या आधी कडीकडे वळले, ती दोनदा लावून बघितली आणि समाधानाने खुर्चीत बसले. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग हीच म्हणाली, जमिनीकडे बघत, "दादा, त्या दिशी आमच्या घरात तुमाला जे बोललं गेलं, ते लई चुकीचं व्हतं. मला आजून झोप येत न्हाई."

माणिकराव म्हणाले, "कोनत्या दिवशी वहिनी? मला तर काय याद न्हाई."

आता माझी पाळी होती. ती दोघंही माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे वाटच बघत होती. शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. आणि मी विचारलं, "दुसरी बॅटरी कुठे बदललीत?"

"काळेवाडीच्या अलीकडं," ते म्हणाले. "हितवर अर्धी उरलीय."

दुसरा कप मागून घेऊन ते तोही प्यायले. जाताना मी गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या बरोबर चालत गेलो. तिथेही बोलता आलं असतं. ते म्हणाले, "रविवारी या. साखळी थोडी आवाज करायलीय." साखळी कसलाही आवाज करत नव्हती. मी म्हणालो, "येतो."

त्यानंतर असे सात रविवार मिळाले. आणि मग तो मंगळवार. ईशूला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून ते आत आले, खुर्चीत बसले, शीतलची दुसरी शिफ्ट होती म्हणून ती घरीच होती. "पाणी दे गं," म्हणाले. ती पेला घेऊन आली तोवर मान एका बाजूला झाली होती. डॉक्टर आले तोवर काही करायला उरलं नव्हतं. एवढंच. एवढ्या वेळात होतं.

संध्याकाळी घाटावरून परत आल्यावर मी अमोलला फोन केला आणि दीड वर्षाचे सगळे रविवार त्याला सांगून टाकले. तो चिडेल असं वाटलं होतं. तो ऐकत राहिला. मग पलीकडून इतक्या हळू आवाजात बोलला की मला फोन कानाशी दाबावा लागला. "बाबा... ईशू आता कुठवर येते? म्हणजे, उंचीला?" मी म्हणालो, "माझ्या कोपराच्या वर." त्याने फोन ठेवला.

तेराव्याला शीतल माझ्याजवळ येऊन बसली. नाशिकला मोठ्या बहिणीकडे जायचं तिने ठरवलं होतं. तिथल्या एका कंपनीत बोलणं झालं होतं. "शिफ्टला गेल्यावर ईशूला कोण बघणार आबा? बाबा होते म्हणून जमत होतं," ती म्हणाली. मी म्हणायला हवं होतं, आम्ही आहोत. पण कोणत्या तोंडाने? मग मी ते बोललो, जे तिच्या बापासमोर दीड वर्षात बोलता आलं नव्हतं. म्हणालो, "शीतल, तुझ्या आईवरून मी जे बोललो ते नीच बोलणं होतं. तुझ्यासारखी मुलगी आमच्या घरात आली आणि आम्हाला सांभाळता आली नाही." ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "हे बाबांना ऐकायचं होतं. दर रविवारी तुम्ही गेल्यावर मी त्यांना विचारायचे, आज तरी काही बोलले का ते? बाबा म्हणायचे, घाई करू नको, माणूस येतोय ना." आणि उठून तिने मला सायकलची किल्ली दिली. "घेऊन जा. इथं ठेवली तर भंगारात जाईल."

मी ती एकट्याने कधी चालवली नव्हती. चिखलीतून निघालो, स्पाइन रोडला लागलो. खटका ओढला की पाठीमागे कोणीतरी हात ठेवून ढकलावं तशी ती पुढे जाते. चढावर मला दोन पोरांनी बाइकवरून ओलांडलं. "काका, भारी राव!" एकजण ओरडला. सत्तरीकडे झुकलेला एक म्हातारा ड्रिलवरच्या सायकलवर बसून भर दुपारी रडत चाललाय, हे त्यांना हेल्मेटमधून दिसलं नसावं.

त्या दोघी नाशिकला जाऊन तीन आठवडे झाले. सायकल आमच्या जिन्याखाली उभी आहे. गेल्या रविवारी सकाळी नऊला शीतलचा व्हिडिओ कॉल आला. ईशूने नवी शाळा सांगितली, नव्या बाई सांगितल्या, एक दात पडला तो दाखवला. मग एकदम म्हणाली, "आबा, सायकल चालू करा ना." मी हिच्या हातात फोन दिला, जिन्याखाली वाकलो, मागचं चाक स्टँडवर उचललं आणि हँडलवरची मूठ ओढली. घर्रर्र... चाक फिरायला लागलं. बडबडी पोर कान देऊन ऐकायला लागली. मी मूठ सोडली. "अजून," ती म्हणाली. मी ओढली. "अजून." तिच्या मागे शीतल येऊन उभी राहिली होती, ओलं डोकं टॉवेलात गुंडाळलेलं. तीही ऐकत होती. आवाज हळूहळू खाली आला, चाक मंद झालं आणि थांबलं.

"संपली?" ईशूने विचारलं.

"संपली गं. चार्ज करायला लागेल. तास-दीड तास जाईल."

तिने हनुवटी दोन्ही हातांवर टेकवली. "करा मग," ती म्हणाली. "मी थांबते."